मागणे आणि मागणी

मराठी भाषेत एकाच धातूपासून झालेले दोन शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांच्यातील अंतर क्वचितच ध्यानात घेतो. 'मागणे' आणि 'मागणी' हे ते दोन शब्द होत. मागणे देवाजवळ असते, आईजवळ असते, अडचणीच्या वेळी शेजाऱ्याजवळ असते. मागणाऱ्याच्या हाती काही नसते, म्हणूनच तो मागतो. मागणी मात्र बाजारात असते आणि तिची पहिली अट अशी, की मागणाऱ्याच्या खिशात काहीतरी असले पाहिजे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात इच्छा आणि मागणी यांत भेद केलेला आढळेल. ज्या इच्छेमागे पैसे मोजण्याची ऐपत आणि तयारी आहे, तिलाच तेथे मागणी म्हणतात. याचा सरळ अर्थ असा, की ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची गरज कितीही तीव्र असली तरी बाजाराच्या वहीत तिची नोंद होत नाही. भुकेलेला मनुष्य हलवायाच्या दुकानासमोर तासभर उभा राहिला म्हणून पेढ्यांची मागणी वाढत नाही.

या भेदातून नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न पुढे येतो. मी माझ्या कष्टाच्या पैशाने, कोणाचीही फसवणूक न करता, दुकानात जाऊन एखादी वस्तू मागतो, तेव्हा त्या मागण्यात नीती-अनीतीचा काही प्रश्न उरतो काय? पैसा माझा, आवड माझी, वस्तूही माझीच. मग शेजाऱ्याचा संबंध येतो कोठे? या प्रश्नाचा विचार आपण एका साध्या वस्तूच्या आधारे करू. वाचकबंधुभगिनींनो, ती वस्तू बहुधा या क्षणी आपल्या खिशात किंवा पर्समध्ये असेल.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी बोलणाऱ्यालाच नव्हे, तर ज्याला फोन आला त्यालाही पैसे मोजावे लागत. येणारे फोन निःशुल्क झाले ते २००३ साली. तोवर ग्राहकाचे म्हणणे थोडक्यात आटोपत असे: आवाज नीट ऐकू यावा आणि बिल कमी यावे. आज राजारामपुरीतील कोणत्याही मोबाइलच्या दुकानात घटकाभर उभे राहावे, म्हणजे मागण्यांची भाषा किती बदलली आहे ते कळते. फाइव्ह-जी आहे का? वायफाय नव्या पिढीचे आहे का? ब्लूटूथ कोणते? वायर न लावता चार्ज होतो का? नुसता टेकवून पैसे देता येतात का? विचारणारे बहुधा तरुण असतात, आणि मागे उभे असलेले वडील मनातल्या मनात हप्त्याचा हिशेब करीत असतात.

या साऱ्या बिनतारी सोयी होत. त्यांतील 'ब्लूटूथ' हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅरल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतलेले आहे. विखुरलेल्या लोकांना एका राज्याखाली आणणारा आणि आपल्या प्रजेला ख्रिस्ती श्रद्धेकडे नेणारा राजा म्हणून इतिहास त्याला ओळखतो. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागावीत, या हेतूने १९९० च्या दशकात अभियंत्यांनी ते नाव निवडले. म्हणजे या सोयीच्या नावातच जोडण्याचा संकल्प आहे. मात्र कोण कोणाशी जोडले जाते आणि कोण बाहेर राहते, हे पाहिले पाहिजे.

येथे एक गैरसमज प्रथम दूर करू. मोबाइलची निंदा करणे सोपे आहे आणि धर्मगुरूंच्या तोंडी ती श्रोत्यांना अपेक्षितही असते. या लेखाचा तो हेतू नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दानधर्माचे विवेचन करताना गरजेचे दोन प्रकार सांगितले. ज्यावाचून मनुष्य जगूच शकत नाही ती पहिली गरज. आणि ज्यावाचून आपल्या स्थितीला व जबाबदाऱ्यांना साजेसे जीवन त्याला जगता येत नाही ती दुसरी. या दुसऱ्या गरजेची सीमा एका बिंदूवर ठेवता येत नाही, हेही त्यांनी मान्य केले. या दृष्टीने पाहिले तर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या कामगाराला, बँकेचा ओटीपी आल्यावाचून ज्यांना स्वतःचेच पैसे मिळत नाहीत अशा वृद्ध मातेला, आखाती देशात गेलेल्या मुलाचा चेहरा रविवारी पाहू इच्छिणाऱ्या आईवडिलांना मोबाइल ही चैन राहिलेली नाही. तेव्हा ग्राहकाने काही मागूच नये, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो काय मागतो आणि मागताना कोणाला विसरतो, एवढाच आपला विषय आहे.

बिनतारी सोयींच्या या गर्दीत एक सोय गेल्या काही वर्षांत गुपचूप कमी होत गेली. ती म्हणजे एफएम रेडिओ. वीस वर्षांपूर्वी स्वस्त मोबाइलमध्येही रेडिओ असे आणि तो आहे म्हणून लोक तो फोन घेत. आज अनेक महाग स्मार्टफोनमध्ये तो सापडत नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. एफएमच्या लहरी ग्रहण करणारा भाग पुष्कळदा ब्लूटूथ आणि वायफायच्या चिपमध्येच सामावलेला असतो. पण लहरी पकडायला अँटेना लागते. १०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सुमारे ३ मीटर लांब असते आणि ती नीट पकडण्यास तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे जवळजवळ पाऊण मीटर तार हवी. एवढी तार वीतभर फोनमध्ये मावणार कोठे? तेव्हा अभियंत्यांनी युक्ती काढली. इअरफोनची वायर हीच अँटेना म्हणून वापरायची. रेडिओ लावण्यापूर्वी 'इअरफोन जोडा' अशी सूचना फोनवर येई, तिचे कारण हेच.

पुढे बिनतारी इअरबड आले. २०१६ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयफोन ७ मधून इअरफोनचा जॅक काढून टाकला आणि हळूहळू अनेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. जॅक गेला, त्याबरोबर वायर गेली, आणि वायरीबरोबर अँटेनाही गेली. ज्या फोनमध्ये जॅक राहिला, त्यांतील कित्येकांतही रेडिओ बंदच ठेवला जाऊ लागला. तारेपासून सुटका हवी, या हौसेपायी खऱ्या अर्थाने सर्वांत स्वतंत्र असलेली बिनतारी सोय आपण हरवून बसलो. कारण फोनमधील बाकीच्या बहुतेक सोयींना मोबाइलचा टॉवर, इंटरनेट किंवा रिचार्ज यांपैकी कशाचा तरी आधार लागतो. रेडिओला यांपैकी काहीच लागत नाही.

ही हानी किती मोठी, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगावे लागू नये. पावसाळ्यात आपल्याकडे सकाळी उठल्यावर पहिली चौकशी राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीची असते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ आहे. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, यावर नदीकाठच्या घरांतील झोप अवलंबून असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बरेच दिवस बंद राहिला, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसारखी गावे रिकामी करावी लागली, शहराच्या पाणीपुरवठ्याचे पंप बुडाले, गावोगावची वीज गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच दिवस पाहावे लागले.

अशा वेळी मोबाइलच्या टॉवरचे काय होते? वीज गेली की तो काही तास बॅटरीवर आणि त्यानंतर डिझेलवर तग धरतो. रस्ताच बंद झाल्यावर डिझेल पोचणार कसे? शिवाय एका टॉवरची क्षमता ठरलेली असते. सारे गाव एकाच वेळी आप्तांना फोन लावू लागले, की कोणाचाच लागत नाही. रेडिओचे तसे नाही. आकाशवाणी कोल्हापूरचे केंद्र १०२.७ मेगाहर्ट्झवर एकदा बोलले, की ते एकाने ऐकले काय आणि एक लाख जणांनी ऐकले काय, कोणाच्या वाट्याचे काही कमी होत नाही. दिव्याच्या उजेडासारखा तो सर्वांना पुरतो. पाणी चढत असताना कोणता रस्ता सुरू आहे, बोट कोठे येणार, निवारा कोणत्या शाळेत आहे, एवढे शब्द कानी पडणे हे जीव वाचण्याइतके मोलाचे असते.

दूरच्या एका बेटावर हाच धडा अधिक कठोरपणे शिकवला गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये 'मारिया' नावाचे चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर आदळले. तेथील लोक बहुसंख्येने कॅथलिक, आपल्यासारखेच सणावारांत आणि कुटुंबात रमणारे. त्या वादळानंतर बेटावरील जवळजवळ ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. लोकांच्या हाती उत्तमोत्तम फोन होते आणि ते मुके झाले होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी अ‍ॅपलला जाहीर आवाहन केले, की आपल्या फोनमधील एफएम सुरू करा. कंपनीने उत्तर दिले, की आमच्या आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिप नाही आणि त्यासाठी लागणारी अँटेनाही नाही. उत्तर खरे होते, पण संकटाच्या दिवशी ते काय कामाचे? आपल्याकडे केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना सूचना केली, की ज्या फोनमध्ये एफएम आहे तेथे तो बंद ठेवू नये, कारण आपत्तीच्या वेळी तो उपयोगी पडतो आणि गरिबांना तो परवडतो. ही सूचना होती, सक्तीचा नियम नव्हे.

येथे कोणी हुशार तरुण आक्षेप घेईल आणि त्याने तो घ्यावा. तो म्हणेल, की आता सरकार थेट फोनवर धोक्याचा इशारा पाठवते. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा सर्वांचे फोन एकाच वेळी मोठ्याने वाजले नाहीत काय? वाजले, आणि ती व्यवस्था मोलाचीच आहे. पण तो इशाराही टॉवरवरूनच येतो. संकट येण्यापूर्वी तो सावध करील. संकटात टॉवर पडल्यावर पुढचे चार दिवस कोण बोलणार? दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. बटणांच्या साध्या मोबाइलमध्ये रेडिओ आजही असतो. त्यांच्या खोक्यावर 'वायरलेस एफएम' असे छापलेले असते, कारण त्यांतील कित्येकांना इअरफोनचीही गरज लागत नाही. ऊसतोड मजूर फडात काम करताना, वॉचमन रात्रपाळीत तो लावून ठेवतो. त्यांनी ही सोय मागितली आणि त्यांना ती मिळाली. मग तक्रार कशाची?

माझ्या मते या दुसऱ्या आक्षेपातच आपले उत्तर दडलेले आहे. मागितले की मिळते, हे त्या मजुराने सिद्ध केले. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० या स्वस्त फोनमध्ये टॉर्च होता, तो अशाच साध्या माणसांच्या गरजा पाहून बसवलेला होता. पुढे त्या फोनच्या जगभरात २५ कोटी प्रती खपल्या. पण तोच मजूर मुलाच्या अभ्यासासाठी किंवा पैशाच्या व्यवहारासाठी पोटाला चिमटा काढून स्मार्टफोन घ्यायला जातो, तेव्हा तो आपल्याच बाजारात शिरतो. तेथे काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे त्याच्या आधी तेथे गेलेल्या तुमच्या-आमच्यासारख्या सुस्थितीतील ग्राहकांच्या पसंतीने ठरून गेलेले असते. आपण काल जे मागितले नाही ते आज त्याला मिळत नाही. माझी आवड माझ्यापुरती राहत नाही. ती दुसऱ्याच्या पुढ्यातील पर्याय ठरवते.

कंपन्यांना विचारावे तर त्या म्हणतात, "मागणीच नाही." हे उत्तर अर्धे खरे आहे. रेडिओ काढून टाका, असे सांगायला कोणी ग्राहक गेला नव्हता. आणि रेडिओ ठेवा, असे सांगायलाही कोणी गेला नाही. आपल्या परंपरेत पापाची कबुली देताना विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेली कसूरही उच्चारली जाते. जे करायला हवे होते आणि केले नाही, त्याचाही हिशेब असतो. बाजारातील आपले मौन याच सदरात येते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या आपल्या विश्वपत्रात खरेदीला नीतीच्या कक्षेत आणून बसवले, ते याच कारणाने. दुकानाची पायरी चढताना सद्सद्विवेकबुद्धी चपलांबरोबर बाहेर ठेवण्याची सोय नाही.

या विषयाला आणखी एक अंग आहे. ज्या लहरींवर या सोयी चालतात त्या कोणाच्या? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, म्हणजे देशातील त्या पहिल्या मोबाइल संभाषणाच्या सहा महिने आधी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. सृष्टीतील संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे आणि खाजगी मालकी तिच्यानंतर येते, या ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणुकीशी हा निर्णय जुळणारा आहे. फोन माझा असेल. त्यात येणारी लहर माझी नाही. नदीच्या पाण्यावर मोट चालवणाऱ्याने खालच्या गावाचा विचार करावा, हे आपण जाणतो. लहरींच्या बाबतीतही न्याय तोच आहे.

एकट्या ग्राहकाच्या म्हणण्याला कोण विचारतो, अशी निराशा कोल्हापूरच्या मनुष्याने तरी बाळगू नये. २०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठातील 'महादेवी' हत्तीण, जिला लोक प्रेमाने 'माधुरी' म्हणत, न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातेतील 'वनतारा' केंद्रात नेण्यात आली. ते केंद्र ज्या उद्योगसमूहाशी निगडित, त्याच समूहाची जिओ ही मोबाइल सेवा. कोल्हापूर परिसरातील असंख्य लोकांनी रोष व्यक्त करण्यासाठी आपले जिओचे क्रमांक दुसऱ्या कंपन्यांकडे वळवले, मूक मोर्चा काढला, आणि ऑगस्टमध्ये नांदणी परिसरातच हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी वनताराने दाखवली. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे; न्यायालयाने हत्तिणीच्या प्रकृतीचा विचार केला होता, हेही विसरता येणार नाही. पण स्वतःला काही फायदा नसताना, एका मुक्या जिवाच्या मायेपोटी लोकांनी मोबाइलच्या ग्राहकाचे बळ वापरले, ही गोष्ट लक्षणीय आहे. हत्तिणीसाठी जे जमले ते पुरात अडकणाऱ्या शेजाऱ्यासाठी का जमू नये?

येथे पुन्हा त्या दोन शब्दांकडे वळावे लागते. प्रभू येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात रोजच्या भाकरीचे मागणे आहे. आपण ती लहानपणापासून म्हणत आलो, पण तिच्या व्याकरणाकडे लक्ष द्यावे. 'मी', 'माझे', 'मला' हे शब्द त्या प्रार्थनेत नाहीत. एकट्याने खोलीचे दार लावून ती म्हटली तरी भाकर अनेकवचनातच मागावी लागते. प्रार्थनेतील मागणे आणि बाजारातील मागणी यांत खरा फरक हाच आहे. मागणी एकवचनी असते, मागणे अनेकवचनी. आणि ख्रिस्ती मनुष्याने बाजारात जाताना काही न्यायचेच असेल, तर ते हे अनेकवचन न्यावे.

व्यवहारात याचा अर्थ फार अवघड नाही. फोन घेताना दुकानदाराला एक प्रश्न अधिक विचारावा: यात रेडिओ चालतो का? आपल्याला गरज नसली तरी विचारावा. चर्चच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधताना धर्मग्रामातील प्रत्येक जण वर्गणी देतो, ती स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहून नव्हे. दहा घरांतील ग्राहकांनी हा प्रश्न विचारला, तर दुकानदार तो वितरकाला सांगेल. त्याचा धंदाच ग्राहकाच्या तोंडाकडे पाहण्याचा आहे. घरातील जुना फोन, ज्यात इअरफोनचा जॅक आणि रेडिओ दोन्ही आहेत, तो मोडीत न काढता चार्ज करून, वायरच्या इअरफोनसह कपाटात ठेवावा. पूररेषेत राहणाऱ्या कुटुंबांनी सेलवर चालणारा एखादा छोटा ट्रान्झिस्टर पावसाळ्यापूर्वी तपासून ठेवावा, आणि ज्यांना तो घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी मिळून घ्यावा. आणि मुले नवी सोय मागू लागली, तर 'नको' म्हणण्याची घाई न करता त्यांना विचारावे, "हिने तू कोणाशी जोडला जाशील? आणि कोण तुटेल?" मुले पुष्कळदा आपल्यापेक्षा प्रामाणिक उत्तर देतात.

पंचगंगा पुन्हा चढणार आहे. कोणत्या वर्षी, ते तिचे तिला ठाऊक. त्या रात्री आकाशवाणीचा निवेदक पाणीपातळी सांगत असेल आणि त्याचा आवाज चिखलीच्या माळवदावरूनही, शाहूपुरीच्या गल्लीवरूनही जात असेल. तो कोणाच्या कानी पडेल आणि कोणाच्या डोक्यावरून निघून जाईल, हे त्या रात्री ठरणार नाही. ते आज, दुकानाच्या काउंटरवर, आपण काय मागतो त्यावर ठरत आहे.